बैलांच्या पुढची मोकळी जागा

बाईंना बांगडीएवढं दिसायचं. हात लांब करून एक बांगडी समोर धरावी आणि तिच्या आत जेवढं मावेल तेवढं. त्याच्या बाहेर नुसतं धुकं. हे माप त्यांचंच. मी कामाला लागले त्या दिवशी त्यांनी जुन्या तेलुगू वर्तमानपत्राची सुरळी केली, माझ्या एका डोळ्याला लावली, दुसरा मिटायला सांगितला आणि म्हणाल्या, "आता सैपाकघरातून पाणी आण." मी निघाले आणि स्टुलाला धडकले. बाई हसल्या नाहीत. "एवढंच दिसते मले. आत सगळं साफ, बाहेर काई नाई. तुले माहीत असलेलं बरं. मंग तू माह्या वाटेत बादली ठेवणार नाईस."

काचबिंदूनं एक डोळा आधीच नेला होता. दुसऱ्याची बांगडी दर तपासणीला थोडी आवळत होती. डॉक्टरांनी थेंब दिले होते. थेंबांनी आवळणं थांबेल असं कोणी म्हटलं नव्हतं, हळू होईल एवढंच. ते थेंब घालायचं काम माझं. एखादा थेंब डोळ्यात न पडता गालावर ओघळला की मी कापसानं टिपायची आणि मला वाटायचं, आज बांगडी माझ्यामुळं आवळली.

मी मूळची सांगलीकडची, जत तालुक्यातली. सातवीनंतर शाळा सुटली, पुढची शाळा लांब होती आणि घरात मी थोरली. लग्न झालं, आणि आमचे हे नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवायला लागले. गाडीमालक आदिलाबादचा, म्हणून आम्ही खोली इथं घेतली. हे गाडीवर गेले की मी एकटी. दुकानांच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. शेजारीण तेलुगूत काही विचारायची, मी मान हलवायची, आणि मग दिवसभर घोर, की आपण नेमकं कशाला हो म्हणून बसलो. एकदा भाजीबाजारात सीमेलगतच्या जैनथकडच्या बायका आपसात मराठी बोलताना कानावर पडल्या. मला मेथी नको होती, तरी मी घेतली. त्यातल्याच एकीनं बाईंचं घर दाखवलं. "मास्तरीणबाई हायेत. चित्र काढतेत. डोळे गेले त्यायचे. सोबतीले कोणी पायजे."

बाई मराठी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. वर्गात पुस्तकी मराठी, घरात गावाकडची. मला त्यांनी पहिला प्रश्न शिक्षणाचाच विचारला. मी खाली बघत सातवी म्हणाले.

"चित्रकलेचा तास होता का?"

"होता. गुरुजी फळ्यावर आंबा काढायचे. आम्ही वहीत आंबा काढायचो."

"अन् आंबा पाहायचा कुठी?"

"फळ्यावर."

"बरं हाये," बाई म्हणाल्या. "म्हणजे आंब्याशी तुही अजून ओळख नाई. काई पुसायची गरज नाई."

त्या दिवसापासून मी त्या घरची झाले. मला अजून वाटतं, त्या बाजारातल्या बाईनं दुसरं दार दाखवलं असतं तर माझं काय झालं असतं. असला विचार आला की मी उठून काहीतरी काम काढते.

दुपारी काम आवरलं की चित्रं. बाईंकडं जुनी कॅलेंडरं, मासिकांतली पानं, मुलांच्या परीक्षेचे कागद असं खोकाभर होतं. मी एकेक उचलायचं आणि त्यांना सांगायचं. पहिल्यांदा मी सांगितलं, "एक बाई आहे. विहीर आहे. मोठं झाड आहे. दोन घागरी, एक पितळेची, एक लाल मातीची."

"हा बाजार झाला. पिशवीत काय काय आलं ते सांगितलंस. चित्र सांग."

"म्हणजे काय सांगू?"

"तुही नजर पहिल्यांदा कुठी पडली? तिथून कुठी गेली? थांबली कुठी?"

नजर पडते हे ठाऊक होतं. ती पुढं कुठं कुठं हिंडते यावर मी कधी पहारा ठेवला नव्हता. बाई म्हणाल्या, "डोळे बारीक कर. फोडणीत मिरची टाकताना करतेस तसे." मी केले. विहीर गेली, बाई गेली, झाडही गेलं. उरला डाव्या बाजूला एक मोठा काळा ढीग आणि उजवीकडं, पार टोकाला, एक लाल ठिपका. मी तसंच सांगितलं आणि जीभ चावली, कारण एवढ्या चांगल्या चित्राला मी ढीग म्हटलं होतं.

बाई मात्र खुर्चीत पुढं सरकल्या. "मंग? चित्र एका बाजूले कलते का?"

मी पुन्हा बघितलं. "न्हाई बाई. ठिपका एवढासा आहे, तरी न्हाई कलत."

"लाल जड असते. तराजूत एका पारड्यात झाड, दुसऱ्यात एवढीशी घागर, अन् काटा मधी. आता कळलं ती घागर काऊन लाल केली ते?"

अशी सुरुवात झाली. आडव्या रेघेनं चित्र निजल्यासारखं होतं, तिरकी रेघ घाई करते, उभी रेघ हात आडवा धरते. जवळचं मोठं आणि ठळक, लांबचं लहान आणि फिकट. जिथं गडद आणि उजळ एकमेकांना खेटतात तिथं नजर आधी जाते. या गोष्टी मी पाठ केल्या नाहीत, त्या दिसायलाच लागल्या. एकदा ह्यांनी मला इचोड्याला ढाब्यावर जेवायला नेलं होतं. समोर ट्रकांची रांग लागली होती, एकाच केबिनवर पिवळी ताडपत्री होती, आणि मी डोळे बारीक करून बसले. हे म्हणाले, "डोळ्यात काय गेलं?" मी काही नाही म्हणाले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला, डोळा धू म्हणाले.

आता बाईंच्या मोठ्या चित्राकडं येते.

बाईंच्या माहेरी, पैनगंगेच्या अंगाला जैनथच्या पुढं एक गाव आहे, तिथं मारुतीच्या देवळापुढं नवा सभामंडप बांधत होते. त्यात लावायला बाईंनी पोळ्याचं चित्र कबूल केलं होतं. सुरू केलं तेव्हा बांगडी ताटलीएवढी होती म्हणे. पलंगाएवढ्या रुंद कॅनव्हासवर, सगळे बैल ज्याखाली जमवतात ते तोरण तुटल्यानंतर घराकडं निघालेले बैल. उजवीकडं सगळी दाटी: तुटलेलं तोरण, माणसांच्या पाठी, मागच्या बैलांची नुसती वशिंडं आणि बेगड लावलेली शिंगं. मधोमध पुढचा पांढरा बैल, पाऊल उचललेला, त्याचा कासरा धरून एक माणूस. आणि डावीकडं काहीच नाही. पाऊस उघडल्यावर पडतो तसला ओला उजेड, आणि त्याच्या खालून गेलेली काळ्या मातीची वाट.

त्या उजेडाचा रंग मी दुसऱ्या कुठल्या चित्रात पाहिलेला नाही. राखेत हळद पडावी तसा. मी पहिल्यांदा विचारलं होतं, ही बाजू राहिली का म्हणून. बाई म्हणाल्या, "राहिली नाई, ठेवली. चालणाऱ्याच्या पुढं जागा लागते. नाकासमोर भिंत असली तर बैल पाऊल टाकन का?" मग मला ती जागा रिकामी दिसेनाशी झाली. पांढरा बैल तीत शिरणार आहे असं वाटायचं.

सण जवळ आला तेव्हा बाईंचा धाकटा भाऊ आणि भावजय चौकटीचं माप घ्यायला आले. भावानं टेप लावला, चहा प्याला, चित्राला हात जोडले. भावजय मात्र पलंगाच्या कडेला बसून नुसती बघत राहिली. बाईंना तिचं गप्प बसणं ऐकू आलं.

"काऊन वं, बोलत नाईस?"

"चांगलं हाये, आक्का. बैल तर आमचाच धांड्या वाटते."

"पण?"

"पण काई नाई."

"तुह्या आवाजात पण हाये. बोल."

भावजयीनं पदर सारखा केला. "हे आत शिरताना डाव्या हाताच्या भिंतीले लागणार ना? म्हणजे चित्रासमोर उभं राह्यलं की दार डावीकडं. मंग बैल दारातून बाहेर चालले, आक्का."

ती आणखी हळू आवाजात म्हणाली, "आपण लक्ष्मीची पावलं उंबऱ्यातून आत काढतो. बाहेर तोंड करून काढतो का? वर्षाचा सण, अन् बैल गाव सोडून निघाले असं दिसन."

भावानं घाईघाईनं सांगितलं की समोरच्या, उजव्या हाताच्या भिंतीला ओल आहे, त्यात खिडकी आणि बटनाचं बोर्डही तिथंच, तिकडं लावता येत नाही. मग थांबून म्हणाला, "आक्का, मले काई नाई. पण लोकं बोलतील. कमिटीवाले आधीच म्हणून राह्यले, काऊन एवढी कटकट, मारुतीचा फ्लेक्स लावून टाकू. मी थांबवून ठेवलं हाये."

भावजय उठली तेव्हा तिची नजर कपाटाच्या आरशावर गेली. त्यात चित्र उलटं दिसत होतं. "हे पाहा, आरशात बरोबर हायेत. आत येऊन राह्यले."

"मंग आरसाच टांगू देवळात," भाऊ म्हणाला. "पाह्यणाऱ्यायनं चित्राकडं पाठ करून उभं राहाचं."

भावजय हसली, मीही हसले असेन. बाईंच्या तोंडाकडं बघितलं आणि थांबले. त्यांनी हात लांब करून कॅनव्हासची डावी कड चाचपली, जणू तिथं खरंच दार आहे का ते बघत होत्या.

ते दोघं गेल्यावर मी कपबशा विसळल्या, पुन्हा विसळल्या. मला एकच दिसत होतं: हे त्यांचं शेवटचं मोठं चित्र, आणि त्या जागी चकचकीत फ्लेक्स. नवीन चित्र काढण्याएवढी बांगडी आता उरली नव्हती. ताटलीची बांगडी झाली होती आणि बांगडीची आता अंगठी होत चालली होती.

"तिचं बरोबर हाये," बाई एकदम म्हणाल्या. "मी बैलाले चालाले जागा दिली. जागा कुठी जाऊन संपते ते पाह्यलं नाई. नजर बैलासंगं जाते अन् कडेवरून खाली पडते. तुमच्याकडं पोळ्याले काय करतेत?"

"आमच्याकडं पोळा नसतो, बाई. बेंदूर. तो आधीच होऊन जातो."

"अन् बेंदराले बैल मिरवून आला, की घरी कोण राह्यते दारात?"

"आई. तांब्या आणि ताट घेऊन."

बाई खुर्चीवरून उठल्या. "आडवी वाट नजर नेते. उभी चौकट थांबवते. डाव्या कडेले दार काढू, अन् दारात बाई. मंग बैल बाहेर नाई चालले, घरी आले."

ऐकायला ते इतकं सोपं होतं की मी सुस्कारा टाकला. मग त्यांनी ताटलीत रंग घेतले, पिवळा, पांढरा, थोडा काळा, कालवले आणि ब्रशचं टोक माझ्यापुढं धरलं. "हा तोच उजेड हाये का? पाहून सांग."

मी चित्राजवळ जाऊन ताडून बघितलं. तो हिरवट होता. त्यांनी पुन्हा कालवला. आता मातकट झाला. तिसऱ्यांदा जवळ आला, पण तो नव्हताच.

"मले पिवळा अन् पांढरा आता एकच दिसतेत," बाई म्हणाल्या. "म्हणजे तो उजेड पुन्हा व्हायचा नाई. बाई चुकीच्या जागी काढली, तर तिले झाकाले आपल्याजवळ रंग नाई. समजलीस? रंग वाळला की वाळला."

मी समजले. त्यांना दारातली बाई काढता येणार होती, कारण बाई बांगडीत मावत होती. ती कुठं उभी करायची, केवढी, हे मात्र बांगडीत मावणारं नव्हतं. ते मला सांगायचं होतं. ज्या मुलीनं फळ्यावरचा आंबा काढला होता तिला.

बाईंनी वर्तमानपत्राची एक उभी आकृती कातरली, डोक्यावर पदर, हातात ताट. मी ती चिकटपट्टीनं कॅनव्हासवर लावायची, मागं जाऊन आरशाच्या कपाटाला पाठ टेकायची आणि बोलायची. आधी मी ती मोकळ्या जागेच्या मध्यावर लावली, तिथं तिला ऐसपैस वाटेल म्हणून.

"काय होते?"

"चांगलं दिसतंय, बाई."

"चांगलं दिसते हे मी तुले विचारलं का?"

मी पुन्हा बघितलं. "बैल तिच्या अंगावर येतील असं वाटतंय. ती पळेल."

"हं. मंग? मले खूश करू नको, पोरी. तू खूश करशीन अन् मी रंग लावीन, अन् मंग पोळ्याच्या दिवशी अख्खं गाव सांगन."

मी ती कडेला नेली, अगदी कडेला. आता तीसुद्धा बैलांबरोबर बाहेर निघाल्यासारखी वाटली. थोडी आत घेतली. मग ती उंच वाटायला लागली, बैलापेक्षा तिचाच दरारा. बाईंनी लहान कातरली. आता ती बाहुली झाली. पंखा लागला की कागदाची बाई हलायची, आणि दर वेळी तिच्याबरोबर माझा जीव हलायचा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी घरून निघतानाच ठरवून आले होते की आज सांगून टाकायचं, बाई, हे माझ्यानं व्हायचं नाही, तुम्ही कोणा शिकलेल्याला बोलवा. बाईंनी दार उघडलं तेव्हा कात्री त्यांच्या हातातच होती. मी चपला काढल्या आणि आत गेले.

त्या दिवशी मी आकृती लावताना वाकले आणि माझं तोंड पांढऱ्या बैलाच्या समोर आलं. त्याचा डोळा माझ्या डोळ्यासमोर होता. मी आकृतीचं डोकं तेवढ्याच उंचीवर धरलं आणि पाय वाटेवर टेकतील असं चिकटवलं. दाराच्या चौकटीची एक बाजू तिच्या मागं येणार होती, दुसरी कॅनव्हासच्या कडेनं कापलेली. मागं गेले. डोळे बारीक केले.

"बाई," मी म्हणाले, "बैल तिच्याकडं बघतोय."

"अन् ती?"

"ती बैलाकडं. मधली जागा तशीच मोकळी आहे. पण आता ती दोघांची आहे."

बाई कात्री खाली ठेवून उभ्या राहिल्या. "नजर खाली पडते का कडेवरून?"

मी मुद्दाम नजर सैल सोडली. ती शिंगांवरून पांढऱ्या बैलावर आली, कासऱ्याच्या तिरक्या दोरीवरून पुढं सरकली, वाटेवरून गेली आणि कागदाच्या बाईला लागून थांबली. "न्हाई पडत. पण..."

"बोल."

"तिकडची बाजू काळपट होईल, दारात अंधार असेल तर. इकडं बैल एवढा पांढरा. तिकडं एखादं पांढरं पाहिजे. थोडंच. लाल घागरीसारखं."

बाई हसल्या. त्या आठवड्यातलं ते त्यांचं पहिलं हसू. "उंबऱ्यावर रांगोळी टाकू. सणाचा दिवस हाये, दारात रांगोळी नाई असं कसं?"

खडूनं मी आकृतीच्या कडा आखून घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीतून भरपूर उजेड असताना, त्यांनी सुरुवात केली. तोंड कॅनव्हासच्या इतकं जवळ की नाकाला रंग लागेल. ब्रश सरकेल तसं डोकं सरकायचं. चार फटके झाले की म्हणायच्या, "मागं जा." मी कपाटापर्यंत जायची, बघायची, सांगायची, परत यायची. दाराचा अंधार आधी झाला. त्याला नुसता काळा लावू दिला नाही त्यांनी, "काळा भोक पाडते," म्हणून तपकिरीत निळा घातला. मग लुगडं, त्याच अंधारातून जेमतेम वेगळं होणारं हिरवं. ब्रश खडूच्या रेघेजवळ आला की मी हळूच म्हणायची, "बाई, कड." ब्रश थांबायचा.

लुगड्याच्या निऱ्या चालल्या होत्या तेव्हा ब्रशमधून एक थेंब सुटला आणि उजेडात पडला. बैल आणि उंबरा यांच्या बरोबर मध्ये, जिथं काहीच नाही तिथं, गडद हिरवा थेंब. बाईंना तो दिसणं शक्य नव्हतं. त्यांचा हात पुन्हा ताटलीकडं निघाला होता.

"बाई, थांबा. थेंब पडला."

"कुठी?"

"उजेडावर."

त्या तशाच थांबल्या, ब्रश हवेत. "वाळायच्या आत उचल," एवढंच म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण मान ताठ झाली होती. डोळ्याच्या थेंबांच्या बाटलीशेजारी कापूस होता. मी तो पाण्यात बुडवला, पिळला, बोटावर घेतला आणि त्यांच्या गालावरचा थेंब टिपते तसा, न घासता, वरच्या वर टेकवला. उचलला. कोरडा टेकवला. पुन्हा उचलला. मग कपाटापर्यंत गेले. डोळे बारीक करून बघितलं.

"सांग ना वं."

"गेला."

"खरं सांगून राह्यलीस?"

"खरं, बाई. उजेड आहे तसा आहे."

त्यांनी ब्रश पाण्यात सोडला आणि त्या म्हणाल्या, चहा ठेव.

सुतार चौकट घेऊन आला त्याच्या आदल्या दुपारी रांगोळी झाली. पांढऱ्या रंगाचे दाण्याएवढे ठिपके, बोटाच्या पेरात मावतील एवढे. चित्र ट्रॅक्टरमधून, वर ताडपत्री बांधून गावाला गेलं. त्यानंतर मला झोप नाही. खड्ड्यात ट्रॅक्टर आदळला असेल, चौकट उलटी ठोकली असेल, लोकांनी म्हटलं असेल की बैल अजून बाहेरच चाललेत. हे गाडीवरून फोन करायचे आणि मी त्यांना चित्राचंच सांगायची. "अगं, बैल रंगवलेले आहेत ना?" हे म्हणाले. "मग जातील कुठं?"

पोळ्याच्या दिवशी आम्ही जैनथपर्यंत बसनं गेलो आणि पुढं ऑटोनं. पाऊस नुकताच उघडला होता. सभामंडपात फरशीवर ओल्या पायांचे ठसे होते, आणि डाव्या हाताच्या भिंतीवर चित्र होतं, सरळ लावलेलं. फ्लेक्स कुठं नव्हता. मी बाईंना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः चित्राकडं पाठ करून उभी राहिले. मला चित्र बघायचं नव्हतं, बघणाऱ्यांच्या नजरा बघायच्या होत्या.

माणसं येत होती. कोणी बैल कुणाचा यावरून वाद घालत होतं. एक जण म्हणाला, वशिंड तर पटेलाच्या बैलाचं, दुसरा म्हणाला, पटेलाचं नाव घेऊ नको, तो वर्गणीवरून अजून भांडून राह्यला. त्यांच्या नजरा मात्र सगळ्यांच्या एकाच वाटेनं जात होत्या, उजवीकडून डावीकडं, आणि डाव्या कडेपाशी येऊन थांबत होत्या. एका बाईनं, चित्रातल्या बाईकडं बघता बघता, स्वतःचाही पदर डोक्यावर घेतला. मी बाईंच्या कानाशी वाकून प्रत्येक नजर सांगत होते.

बाहेर तोरण तुटलं. ओरडा झाला, घुंगरं वाजली, बैल मारुतीच्या पाया पडून घरोघरी गेले. थोड्या वेळानं बाईंची भावजय घरच्या बैलांची पूजा आटोपून ताट घेऊनच आली. तिनं मारुतीला कुंकू वाहिलं. मग वळली, चित्रासमोर आली, आणि मला काही सुचायच्या आत ओल्या कुंकवात बोट बुडवून तिनं हात पांढऱ्या बैलाकडं नेला. चित्र उंच लावलं होतं. ती टाचा उंचावून उभी राहिली. कपाळापर्यंत हात पोचला नाही, आणि कुंकू बैलाच्या नाकावर उमटलं.

माझ्या घशातून आवाज निघाला असावा, कारण बाईंनी विचारलं, "काय झालं?"

भाऊ पुढं झाला. "अवं, रंग हाये तो. खरा बैल हाये का?"

"पूजा करायची नाई का मंग?" भावजय म्हणाली. "दारात बाई ताट घेऊन उभी केली आक्कानं, अन् बैल तसाच राहू देऊ?" मग तिनं स्वतःच बोटाकडं पाहिलं आणि बिचकली. पदराचं टोक धरून ती पुसायला निघाली. मी तिचा हात धरला. ओलं कुंकू पांढऱ्यावर पसरलं असतं तर सगळं तोंड गुलाबी झालं असतं.

"काय झालं ते सांगशीन का मले कोणी?" बाई म्हणाल्या.

मी सांगितलं. कुठं, केवढं, कसं. बाई ऐकत राहिल्या. त्यांच्या तोंडावरून काही कळेना.

"नाकावर?"

"हात नाई पोचला, आक्का," भावजय म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आत्ता घरी खऱ्यानं बी मान हलवली अन् सगळं नाकावरच गेलं."

बाई माझ्याकडं वळल्या. "डोळे बारीक कर. नजर पहिल्यांदा कुठी पडते?"

आता खूश करायला काही उरलंच नव्हतं. "कुंकवावर."

"मंग?"

"दोरीवरून वाटेवर. मग रांगोळी. मग बाई."

"तिथून?"

मी पुन्हा बघितलं, नजर सैल सोडून. "तिथून परत कुंकवावर येते, बाई. फिरते. बाहेर न्हाई जात."

बाईंनी हात पुढं केला. मी त्यांना चित्राजवळ नेलं. त्या टाचा उंचावून, मान वर करून, बांगडीतून शोधत राहिल्या, शिंग, कान, डोळा, असं खाली खाली येत, आणि मग थांबल्या. सापडलं होतं. तो एवढासा लाल ठिपका त्यांच्या बांगडीत पुरता मावत होता.

"पुसू नका," त्या म्हणाल्या. "बैल हलला असन."

भाऊ हसला, मग भावजय.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही परत निघालो. ऑटो मिळेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला सोयाबीन, वर ढग फाटून आलेला उजेड. बाईंनी माझा दंड धरला होता.

"आपल्या चित्रातला उजेड अन् हा," त्या म्हणाल्या, "एकच हाये का?"

मी आभाळाकडं बघितलं. डोळे बारीक केले, उघडले, पुन्हा बारीक केले.

"थोडा जास्त हिरवा आहे, बाई."

"कोणता? आपला?"

"आभाळाचा," मी म्हणाले.